माहजोंगमधील अनिर्णित डाव : नियमभेद आणि त्यांचे खेळावरील परिणाम

सारांश

माहजोंग या मूळच्या चिनी खेळात अनेकदा कोणीही डाव पूर्ण करण्यापूर्वीच उचलण्याजोग्या सोंगट्या संपतात. अशा अनिर्णित डावाचे काय करावयाचे, याविषयी जपान, चीन, तैवान व अमेरिका येथील नियमावल्यांत एकवाक्यता नाही. डाव केव्हा संपला असे मानावे, गुणांची देवघेव कशी व्हावी आणि डीलरपद कोणाकडे राहावे, या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत लेखात हे नियमभेद स्पष्ट केले आहेत. अनिर्णित डावाचा नियम हा केवळ डाव संपल्यानंतरच्या हिशेबाचा नियम नसून तो डावाच्या उत्तरार्धातील प्रत्येक निर्णयावर परिणाम करतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : माहजोंग, अनिर्णित डाव, सज्ज हात, डीलरपद, नियमभेद.

प्रस्तावना

कोणत्याही खेळाची नियमावली वाचताना सामान्यतः लक्ष जाते ते विजय कसा मिळवावा याकडे. कोणीच जिंकले नाही तर काय, हा प्रश्न बहुधा नियमपुस्तकाच्या अखेरच्या पानांवर येतो. बुद्धिबळात बरोबरीला अर्धा गुण मिळतो आणि त्या अर्ध्या गुणाने स्पर्धेतील अनेक चाली ठरतात, हे सर्वपरिचित आहे. माहजोंगमध्ये हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. येथे खेळाडू दोन नसून चार असतात. शिवाय डाव अनिर्णित राहिला तरी चौघांची स्थिती सारखी नसते : कोणी विजयापासून एका सोंगटीच्या अंतरावर असतो, तर कोणी डावाच्या मध्यावरच विजयाची आशा सोडून केवळ बचाव करीत असतो. या दोघांना एकाच मापाने मोजावे काय, हा सर्व नियमभेदांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

खेळाची रूपरेषा

माहजोंग हा एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये आकाराला आलेला व विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जपान आणि अमेरिकेत पसरलेला खेळ होय. रमी खेळणाऱ्यास त्याचे तत्त्व चटकन समजते. पत्त्यांऐवजी येथे सोंगट्या असतात. तीन रंगांत १ ते ९ अंकांच्या, त्याखेरीज चार वारे व तीन ड्रॅगन अशा एकूण ३४ प्रकारच्या सोंगट्या असून प्रत्येक प्रकारच्या चार, म्हणजे १३६ सोंगट्या होतात. काही पद्धतींत फुले व ऋतू यांच्या आठ सोंगट्या मिळवून ही संख्या १४४ होते. बहुतेक पद्धतींत प्रत्येकाच्या हाती १३ सोंगट्या असतात. पाळीपाळीने एक उचलावयाची व एक टाकावयाची, आणि क्रम किंवा तिकडी असे चार गट व एक जोडी अशी १४ सोंगट्यांची रचना प्रथम पूर्ण करावयाची, असे खेळाचे स्थूल स्वरूप आहे. पूर्णतेस केवळ एक सोंगटी कमी असलेल्या हातास प्रस्तुत लेखात ‘सज्ज हात’ म्हटले आहे. जपानी भाषेत त्यास ‘तेनपाई’ व सज्ज नसलेल्या हातास ‘नोतेन’ अशी संज्ञा आहे.

रमीशी असलेला एक महत्त्वाचा भेद मात्र येथे ध्यानात घ्यावयास हवा. रमीत बंद गठ्ठा संपला, तर टाकलेली पाने पिसून पुन्हा वापरली जातात व खेळ पुढे चालू राहतो. माहजोंगमध्ये टाकलेली सोंगटी तत्क्षणी कोणी घेतली नाही, तर ती कायमची बाद होते. परिणामी भिंतीतील, म्हणजे मांडून ठेवलेल्या राशीतील, सोंगट्या संपल्या की डाव थांबणे अपरिहार्य ठरते. जपानी भाषेत अशा डावास ‘र्यूक्योकू’ म्हणतात. त्या शब्दाच्या चिनी लिपीतील दोन अक्षरांचा अर्थ ‘वाहणे’ व ‘डाव’ असा होतो.

पहिला प्रश्न : डाव केव्हा संपतो?

भिंत संपली असे केव्हा मानावयाचे, येथूनच मतभेद सुरू होतात. जपानी रीची पद्धतीत १३६ सोंगट्यांपैकी १४ राखीव ठेवल्या जातात. वाटपात ५२ जातात व उचलण्यासाठी ७० उरतात. कोणीही दुसऱ्याने टाकलेली सोंगटी घेऊन क्रम मोडला नाही, तर पहिल्या दोन खेळाडूंना प्रत्येकी १८ व उरलेल्या दोघांना प्रत्येकी १७ सोंगट्या उचलावयास मिळतात. चार सारख्या सोंगट्यांचा गट करणाऱ्यास राखीव भागातून बदली सोंगटी मिळते. परंतु राखीव संख्या १४ च राहावी म्हणून भिंतीच्या शेवटची एक सोंगटी तिकडे वळविली जाते.

चीनमध्ये १९९८ साली अधिकृत करण्यात आलेल्या स्पर्धानियमांत १४४ सोंगट्या असून राखीव भाग नाही. वाटपानंतर उरलेल्या सर्व ९२ सोंगट्या, बदली सोंगट्या धरून, वापरात येतात. तैवानी पद्धतीत प्रत्येकाच्या हाती १३ ऐवजी १६ सोंगट्या असतात व प्रचलित प्रघातानुसार शेवटच्या १६ राखीव राहतात. त्यामुळे वापरावयास ६४ च मिळतात. अमेरिकेत १९३७ साली स्थापन झालेल्या नॅशनल माहजोंग लीगच्या पद्धतीत जोकरांसह १५२ सोंगट्या असतात व वाटपानंतर १०० उरतात. उचलण्यास किती संधी मिळणार, यावर डाव अनिर्णित राहण्याची शक्यता अवलंबून असते हे उघड आहे. तथापि केवळ संख्येवरून निष्कर्ष काढता येत नाही. चिनी स्पर्धानियमांत जिंकण्यासाठी हातास किमान ८ गुणांचे मूल्य असावे लागते. अमेरिकी पद्धतीत तर लीगने त्या वर्षासाठी प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेतील रचनाच ग्राह्य धरल्या जातात. सोंगट्या अधिक असल्या तरी अशा अटींमुळे विजयाचा मार्ग अरुंद होतो.

अमेरिकेतील काही घरगुती खेळांत शेवटच्या भिंतीपुरते वेगळे नियमही लावले जातात. ‘थंड भिंत’ या प्रघातात शेवटच्या टप्प्यात दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही; स्वतः उचललेल्या सोंगटीवरच जिंकता येते. ‘तप्त भिंत’ या प्रघातात याच्या उलट, धोक्याची सोंगटी टाकून दुसऱ्यास जिंकू देणाऱ्यास जबर दंड भरावा लागतो. पहिल्या प्रघाताने टाकणाऱ्याचे भय नाहीसे होते, तर दुसऱ्याने ते वाढते. दोहोंमुळे डाव अनिर्णित राहण्याकडे कल होतो; परंतु पहिल्यात तो जिंकण्याचा एक मार्ग बंद झाल्यामुळे, तर दुसऱ्यात खेळाडूंच्या सावधगिरीमुळे.

दुसरा प्रश्न : गुणांची देवघेव

डाव अनिर्णित राहिल्यास कोणी कोणास काही द्यावे काय, याविषयी स्थूलमानाने दोन तत्त्वे आढळतात.

पहिले तत्त्व असे की, विजय नाही तर मोबदलाही नाही. चिनी स्पर्धानियम, हाँगकाँगची प्रचलित पद्धत आणि अमेरिकी लीगची पद्धत या तत्त्वाने चालतात. अनिर्णित डावात गुणफलक आहे तसाच राहतो. अमेरिकेत अशा डावास ‘वॉल गेम’ म्हणतात. काही पाश्चात्त्य घरगुती पद्धतींत अशा डावानंतर ‘गुलाश’ नावाचा विशेष डाव खेळला जातो व त्यात प्रारंभी सोंगट्यांची अदलाबदल होते. तेथेही झालेल्या डावाचा मोबदला दिला जात नाही. फक्त पुढचा डाव अधिक रंगतदार केला जातो.

दुसरे तत्त्व असे की, सज्जतेस मोल आहे. जपानी रीची पद्धतीत भिंत संपल्यावर सज्ज नसलेल्या खेळाडूंनी सज्ज खेळाडूंना एकूण ३,००० गुण द्यावयाचे असतात. त्याची विभागणी पुढीलप्रमाणे होते :

एक खेळाडू सज्ज : त्यास ३,००० मिळतात, इतर तिघे प्रत्येकी १,००० देतात.
दोन खेळाडू सज्ज : दोघांना प्रत्येकी १,५०० मिळतात, इतर दोघे प्रत्येकी १,५०० देतात.
तीन खेळाडू सज्ज : तिघांना प्रत्येकी १,००० मिळतात, उरलेला एकटा ३,००० देतो.
चौघेही सज्ज किंवा कोणीच सज्ज नाही : देवघेव नाही.

या कोष्टकातील एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही. इतर तिघांपैकी कितीही जण सज्ज असोत, एखाद्याने असज्ज न राहता सज्ज होण्याने त्याला होणारा लाभ जवळपास सारखाच असतो. इतर कोणी सज्ज नसेल तर तो शून्याऐवजी ३,००० मिळवितो. एक जण सज्ज असेल तर १,००० देण्याऐवजी १,५०० घेतो, म्हणजे फरक २,५०० चा. दोघे सज्ज असतील तर १,५०० देण्याऐवजी १,००० घेतो. फरक पुन्हा २,५०० चा. तिघेही सज्ज असतील तर ३,००० वाचवितो. म्हणजेच या नियमाने सज्जतेची किंमत २,५०० ते ३,००० अशी निश्चित केली आहे आणि ती प्रतिस्पर्ध्यांच्या स्थितीवर फारशी अवलंबून नाही.

चीनच्या सिच्वान प्रांतातील ‘रक्तरंजित लढाई’ या पद्धतीत हे तत्त्व याहून कठोर आहे. तेथे तीन रंगांच्या १०८ सोंगट्याच वापरतात, प्रत्येकास एक रंग पूर्णपणे सोडावा लागतो आणि एक जण जिंकला तरी उरलेल्यांचा खेळ चालूच राहतो. भिंत संपली की तपासणी होते. हाती अजूनही तिन्ही रंग असलेल्यास ‘रंगीबेरंगी डुक्कर’ अशा अर्थाचे नाव असून त्यास मोठा दंड भरावा लागतो. असज्ज खेळाडूने प्रत्येक सज्ज खेळाडूस त्याच्या हाताची जास्तीत जास्त संभाव्य किंमत द्यावयाची असते. इतकेच नव्हे, तर चौकडीच्या गटांसाठी आधी मिळविलेले गुणही त्याला परत करावे लागतात. जपानी दंड ठराविक आहे. सिच्वानी दंड मात्र प्रतिस्पर्ध्याचा हात किती मोलाचा होता यावर ठरतो.

सज्जतेस मोल दिले की सज्जतेची व्याख्याही काटेकोर करावी लागते. जपानी पद्धतीत जिंकण्यासाठी हातात किमान एक मान्यताप्राप्त वैशिष्ट्य असावे लागते. तथापि अनिर्णित डावात केवळ आकाराने सज्ज असलेला, म्हणजे जिंकण्यास अपात्र असलेला हातही बहुतेक नियमावल्यांत सज्ज धरला जातो. हवी असलेली सोंगटी चारही नगांनिशी स्वतःच्याच हातात असेल, तर तो हात सज्ज मानावा की नाही, याविषयी मात्र नियमावल्या भिन्न आहेत. ‘रीची’ जाहीर केलेल्या खेळाडूस हात दाखवावाच लागतो; तो असज्ज निघाल्यास दंड होतो. इतरांना सज्ज असूनही हात झाकून असज्ज म्हणविण्याची मुभा असते. दंड भरूनही आपला हात गुप्त ठेवणे किंवा डीलरपद सोडून सामना संपविणे कधी कधी हिताचे ठरते, म्हणून ही मुभा निरर्थक नाही.

याच ठिकाणी ‘नागाशी मांगान’ या अपवादाचा उल्लेख करावयास हवा. डाव अनिर्णित राहिला आणि एखाद्याने टाकलेल्या सर्व सोंगट्या १, ९, वारे किंवा ड्रॅगन याच प्रकारच्या असून त्यांपैकी एकही इतरांनी घेतली नसेल, तर त्यास मांगान या मोठ्या हाताइतके गुण मिळतात : डीलरला १२,०००, इतरांस ८,०००. हात न जुळविता केवळ टाकण्याच्या क्रमावर मिळणारा हा मोबदला सर्व नियमावल्यांना मान्य नाही.

तिसरा प्रश्न : डीलरपद

जपानी पद्धतीत डीलरच्या विजयास इतरांच्या दीडपट गुण मिळतात. त्यामुळे अनिर्णित डावानंतर डीलरपद टिकणे किंवा जाणे, ही गुणांच्या देवघेवीइतकीच महत्त्वाची बाब ठरते. येथे चार मुख्य प्रघात आढळतात. चिनी स्पर्धानियमांत प्रत्येक डावानंतर, निकाल काहीही लागो, डीलरपद पुढे जाते व १६ डावांत सामना संपतो. अमेरिकी लीगच्या पद्धतीतही डीलरपद प्रत्येक डावागणिक फिरते. हाँगकाँग व तैवान येथील प्रचलित पद्धतींत अनिर्णित डावानंतर डीलर कायम राहतो. जपानमधील आजच्या बहुतेक नियमांनुसार डीलर सज्ज असेल तरच कायम राहतो. जपानमध्येच काही नियमावल्यांनुसार डीलर जिंकला तरच कायम राहतो. सज्जता पुरेशी नसते.

डीलरपद टिको वा जावो, जपानी पद्धतीत अनिर्णित डावानंतर ‘होन्बा’ हा गणक एकाने वाढतो व पुढील विजेत्यास प्रत्येक गणकामागे ३०० गुण अधिक मिळतात. रीची जाहीर करताना ठेवलेले १,००० गुणही पटावरच राहतात व पुढील विजेत्यास मिळतात. म्हणजे डाव अनिर्णित राहिला तरी त्याचा ऋणभार पुढच्या डावावर जातो.

मध्येच थांबविले जाणारे डाव

भिंत संपण्यापूर्वीच डाव रद्द करण्याची तरतूद जपानी पद्धतीत आहे. तिचे पाच प्रसंग सांगितले जातात : पहिल्याच पाळीत हाती १, ९, वारे व ड्रॅगन यांपैकी नऊ भिन्न प्रकार येणे, पहिल्या फेरीत चौघांनीही एकच वारा टाकणे, चौघांनीही रीची जाहीर करणे, एकाहून अधिक खेळाडूंनी मिळून चार चौकड्या करणे, आणि एकाच सोंगटीवर तिघांनी विजय सांगणे. पहिल्या प्रसंगी डाव रद्द करणे ऐच्छिक असते, कारण तशाच सोंगट्यांतून तेरा भिन्न प्रकारांचा अत्यंत मूल्यवान हातही घडू शकतो.

या तरतुदींचा हेतू दैवाचा अतिरेक आवरण्याचा दिसतो. परंतु त्यांतून वेगळीच विषमता निर्माण होते. तिघांनी रीची जाहीर केल्यावर चौथा खेळाडू, पात्र असल्यास, स्वतः रीची जाहीर करून संपूर्ण डावच रद्द करू शकतो व संकटातून सुटतो. म्हणूनच २०१८ साली जपानमध्ये सुरू झालेल्या एम-लीग या व्यावसायिक स्पर्धेच्या नियमांत मध्येच डाव रद्द करण्याची सोय नाही व नागाशी मांगानही नाही, ही बाब लक्षणीय आहे. वाईट हात आला तरी तो खेळणे हेही कौशल्यच आहे, अशी भूमिका अशा नियमांतून व्यक्त होते.

नियमभेदाचा प्रत्यक्ष परिणाम

एका काल्पनिक उदाहरणाने वरील विवेचन स्पष्ट होईल. सामन्याचा अखेरचा डाव आहे. अ या खेळाडूचे ३१,०००, ब चे २९,०००, क चे २२,००० व ड चे १८,००० गुण आहेत. क हा डीलर आहे. भिंत संपते तेव्हा ब व क सज्ज आहेत. अ व ड नाहीत.

सज्जतेस मोबदला नसलेल्या व डीलर जिंकला तरच कायम राहतो अशा नियमावलीत सामना येथेच संपतो आणि अ पहिला येतो. सज्जतेस ३,००० गुण देणाऱ्या, परंतु डीलरपदासाठी विजयाची अट घालणाऱ्या नियमावलीत ब चे ३०,५०० व अ चे २९,५०० होतात. सामना संपतो आणि ब पहिला येतो. सज्ज डीलर कायम राहतो अशा नियमावलीत सामना संपतच नाही; २३,५०० गुणांवरील क ला डीलर म्हणून आणखी एक डाव मिळतो. चौघांच्या हातांतील सोंगट्या त्याच, पण निकाल तीन. एम-लीगसारख्या स्पर्धेत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या अधिमूल्यांत ४० स्पर्धागुणांचे, म्हणजे ४०,००० मूळ गुणांइतके अंतर असते. अशा ठिकाणी १,००० गुणांच्या आघाडीस केवढे महत्त्व येते, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि हे उदाहरणही अपुरे आहे, कारण तिन्ही नियमावल्यांत चौघांनी तोवर एकसारखाच खेळ केला असता असे त्यात गृहीत धरले आहे. वस्तुतः तसे होत नाही. समजा, डीलर नसलेल्या एखाद्या खेळाडूस डावातील आपली शेवटची सोंगटी टाकावयाची आहे. एकाच प्रतिस्पर्ध्याने रीची जाहीर केली असून त्याचा हात ८,००० गुणांचा आहे व इतर दोघे असज्ज आहेत. धोक्याची सोंगटी टाकल्यास हा खेळाडू सज्ज राहतो. सुरक्षित सोंगटी टाकल्यास सज्जता मोडते. होन्बा व पटावरील गुण वगळून हिशेब केला, तर सुरक्षित मार्गाने त्याचे १,००० गुण जातात. धोका पत्करून तो बचावला तर १,५०० मिळतात, फसला तर ८,००० जातात. दोन्ही मार्ग समतुल्य ठरण्यासाठी फसण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असावी लागते. म्हणजे त्याहून कमी धोका असेल तर ती सोंगटी टाकणे गणिताच्या दृष्टीने योग्य ठरते. सज्जतेस मोबदला नसलेल्या नियमावलीत मात्र हाच धोका, कितीही अल्प असला तरी, पत्करण्याचे कारण उरत नाही. एका नियमावलीत जे धैर्य ठरते, ते दुसरीत केवळ अविचार ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, अनिर्णित डावात निकाल लागत नाही असे म्हणणे अपुरे आहे. अनेक पद्धतींत तो विजयाखालोखाल महत्त्वाचा असा स्वतंत्र निकालच आहे. दोन, सज्जतेस मोबदला देणाऱ्या पद्धतींत बचाव करणाऱ्यास किंमत मोजावी लागते व अखेरच्या पाळीपर्यंत संघर्ष टिकतो. मात्र जिंकण्यास अपात्र असा हातही मोबदल्यास पात्र ठरतो, हा त्यांतील दोष होय. मोबदला न देणाऱ्या पद्धती सोप्या आहेत. परंतु त्यांत विजयाच्या उंबरठ्यावरचा व कधीच माघार घेतलेला खेळाडू सारखेच ठरतात. तीन, डीलरपदाचा नियम गुणांच्या नियमापासून अलग करून पाहता येत नाही. दोहोंच्या संयोगानेच सामन्याचा शेवट ठरतो.

यांपैकी कोणतीही एक पद्धत निरपवादपणे न्याय्य आहे असे म्हणता येत नाही, कारण प्रत्येक पद्धत कौशल्याची वेगळी व्याख्या गृहीत धरते. न्यायाची किमान अट एकच : हे नियम पहिली सोंगटी उचलण्यापूर्वी चौघांनाही ठाऊक व मान्य असावेत. राखीव सोंगट्या किती, सज्जतेस मोबदला आहे काय, सज्ज डीलर कायम राहतो काय आणि डाव मध्येच रद्द करता येतो काय, हे चार प्रश्न आधी निकालात काढले नाहीत, तर सामन्याच्या अखेरीस कोण पहिला आला याचा निर्णय खेळावर न राहता वादावर राहतो.